खदानीतली धूळ आपोआप उडत नाही!

खदानीत आयुष्य घालवून छाती निकामी झालेल्या माणसासाठी आपल्याकडे तीन उत्तरे तयार असतात. पहिले, "खदान म्हटली की धूळ असणारच." दुसरे, "बिडी सोडा." तिसरे, "नशीब तुमचे." ही तिन्ही उत्तरे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आम्ही म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कोळसा खदानीच्या वस्तीत वाढलेली मुले. आमचे आजे, बाप, मामा, काका पाळीवर गेले. आमच्यातले काही शिकून बाहेर पडले, काही कंत्राटी कामाला लागले, एक-दोघांनी मायनिंगचा डिप्लोमा केला. पण वस्तीतला खोकला आम्हा सर्वांच्या ओळखीचा आहे. पहाटेच्या पाळीचा भोंगा वाजण्याआधी घराघरांतून तो खोकला सुरू होई, आणि कोणत्या घरचा कोण जागा झाला हे आम्हाला अंथरुणातूनच कळे.

या तिन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. धूळ कोणी उडवली, हा प्रश्न त्यांत कुठेच नाही. जणू कोळशाची धूळ स्वतःच्या मर्जीने उठते, स्वतःच्या मर्जीने माणूस निवडते आणि त्याच्या छातीत जाऊन बसते. वास्तविक धुळीला मर्जी नसते. धूळ बसलेली असते, तिला हवा उचलते. आणि जमिनीखालच्या खदानीत हवा देव सोडत नाही, माणूस सोडतो. पंखा माणूस बसवतो, दार माणूस उघडतो, पडदा माणूस लावतो, पाणी माणूस मारतो किंवा मारत नाही. म्हणूनच हा विषय आम्हाला केवळ शास्त्राचा वाटत नाही. तो जबाबदारीचा विषय आहे. पण जबाबदारी ठरवायची तर आधी शास्त्र नीट समजून घेतले पाहिजे. ते समजून न घेता नुसत्या घोषणा दिल्या तर साहेबलोक दोन इंग्रजी शब्द फेकून आपल्याला गप्प करतात, हा आमचा अनुभव आहे.

उपणणी ज्यांनी केली त्यांना हे समजायला जड नाही

आमच्या आज्या दुसऱ्यांच्या खळ्यावर उपणणीला जात. वारा धरून सूप वर धरायचे आणि धान्य हळूहळू सोडायचे. जड दाणा पायाशी पडतो, भुसा चार हात लांब जातो आणि अगदी बारीक कोंडा कुठे गेला हे दिसतच नाही. संध्याकाळी तो केसांत, डोळ्यांत आणि नाकात सापडतो. खदानीत अगदी हेच घडते. फरक इतकाच की खळ्याला आभाळ असते, खदानीला छत असते.

माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरचा चौदावा भाग. कोळसा फोडताना, भोक पाडताना, सुरुंग उडवताना, टबात किंवा पट्ट्यावर टाकताना जी धूळ निघते तिच्यात यापेक्षा मोठे कणही असतात आणि याच्या सत्तराव्या हिश्श्याचेही असतात. 10 मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे 4 मिलिमीटर खाली येतो. माणसाच्या नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला त्याला सहा-सात मिनिटे लागतात. 1 मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी दहा तास लागतात. कारण कणाचा आकार दहापट कमी झाला की त्याचा खाली येण्याचा वेग जवळपास शंभरपट कमी होतो.

आता या हिशेबात वारा घाला. गॅलरीतून सेकंदाला 1 मीटर वेगाने हवा जात असेल, तर दहा तासांत ती 36 किलोमीटर जाईल. एवढी लांब गॅलरी कोणत्या खदानीत आहे? म्हणजे हा बारीक कण खाली बसण्याची वाटच पाहू नये. तो हवेबरोबर फिरतो, आणि वाटेत जो कोणी उभा असेल त्याच्या श्वासात शिरतो. कॅप लॅम्पच्या उजेडात जी धूळ नाचताना दिसते ती बहुतेक नाकात आणि घशात अडकते, काळ्या शेंबडातून बाहेर पडते. जी दिसत नाही तीच फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचते. "आज धूळ कमी आहे" असे डोळ्यांनी पाहून सांगणारा सुपरवायझर म्हणूनच खोटे बोलत नसला तरी खरेही सांगत नसतो.

बसलेली धूळ पुन्हा कशी उठते

भिंतीला आणि जमिनीला लागून हवेचा एक मंद थर असतो. अगदी बारीक कण त्या थरात दडून, एकमेकांना आणि खडकाला चिकटून राहतात. नुसत्या वाऱ्याने ते सहज उठत नाहीत. पण वेग वाढला की आधी जाड कण हलतात. ते घरंगळतात, टुणकन उडी मारतात, खाली आपटतात, आणि आपटताना बारीक कणांना धक्का देऊन वर फेकतात. एकदा मंद थरातून बाहेर पडलेला बारीक कण मग हवेचाच झाला. वाळवंटात वादळ असेच उठते आणि उन्हाळ्यात आमच्या रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला की असेच होते.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. आणि वेग दुप्पट व्हायला पंखा बदलावा लागत नाही. गॅलरीची निम्मी रुंदी टबांनी, मशीनने, पडलेल्या मालाने अडली, की तीच हवा उरलेल्या निम्म्या जागेतून दुप्पट वेगाने जाते. कोळसा वाहणारा पट्टा सेकंदाला 2 मीटर वेगाने एका दिशेला आणि हवा तितक्याच वेगाने उलट दिशेला जात असेल, तर पट्ट्यावरच्या कोळशाला लागणारा वारा 4 मीटरचा होतो. हवा आणि पट्टा एकाच दिशेने नेले तर तो वारा जवळजवळ शून्यावर येतो. पंखा तोच राहतो, पट्टाही तोच राहतो. बदलते ती फक्त कागदावर काढलेल्या बाणाची दिशा. तो बाण काढणारा माणूस वातानुकूलित खोलीत बसलेला असतो.

"मग जास्त हवा द्या, धूळ निघून जाईल" असे म्हणणारे आमच्या बाजूचेही पुष्कळ आहेत. युनियनच्या सभांतही ही मागणी होते. ती अर्धीच बरोबर आहे. हवा कमी असेल तर मिथेन साचतो, धूळ फेसवरच घुटमळते, माणूस गुदमरतो. म्हणून हवा हवीच. हवा वाढवत गेलो की धूळ पातळ होत जाते. पण सर्वसाधारणपणे सेकंदाला 2 ते 3 मीटरच्या पुढे गेले की हवा बसलेली धूळ उचलू लागते आणि फायद्याचा तोटा होतो. धूळ ओली असेल तर ही मर्यादा थोडी पुढे सरकते, कोरडी असेल तर मागे येते. तेव्हा खरी मागणी "जास्त हवा" अशी नसून "मोजून दिलेली हवा आणि ओला केलेला कोळसा" अशी असली पाहिजे.

पाण्याचेही तसेच आहे. पाइपाने भसाभस पाणी मारले की काम झाले, असे नाही. मोठ्या थेंबाच्या बाजूने हवा वळसा घेऊन जाते आणि बारीक कण हवेबरोबरच वळसा घेतो, थेंबाला लागतच नाही. बारीक कण पकडायला बारीक फवारा लागतो, आणि तो धूळ उठते तिथेच लागतो, उठून गेल्यावर नव्हे. भोक पाडताना ड्रिलमधूनच पाणी सोडले तर धूळ जन्मतःच चिखल होते. त्यासाठी अवकाशयानाचे तंत्रज्ञान लागत नाही. लागतो तो चालू असलेला पंप, न तुंबलेला नोझल आणि ते पाहणारा माणूस.

हवेची वरची आणि खालची बाजू

आता मुख्य मुद्दा. खदानीत हवेला दोन वाटा असतात. एका वाटेने ताजी हवा आत येते, तिला इन्टेक म्हणतात. ती फेसवरून, कामाच्या जागेवरून फिरते आणि दुसऱ्या वाटेने पंख्याकडे ओढली जाते, तिला रिटर्न म्हणतात. रिटर्नमधली हवा म्हणजे सगळ्यांनी वापरून झालेली हवा. तिच्यात फेसची धूळ, सुरुंगाचा धूर, गॅस, घाम आणि उष्णता असते. धूळ उडवणाऱ्या मशीनच्या वरच्या अंगाला उभा असलेला माणूस आणि खालच्या अंगाला उभा असलेला माणूस एकाच पाळीत, एकाच फेसवर, दहा पावलांच्या अंतरावर असतात. पण दोघांची फुप्फुसे दोन वेगळ्या खदानींत काम करत असतात.

गावगाड्यात आमची वस्ती कुठे असे? आमची म्हातारी माणसे सांगत की ती मुद्दाम अशा बाजूला वसवली जाई, की गावावरून गेलेला वारा आमच्यावरून जावा, पण आमच्यावरून गेलेला वारा गावावर येऊ नये. खदानीचा नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्हाला ही गोष्ट आठवली. नकाशा काढणाऱ्याने जात पाहून बाण काढले, असा आरोप आम्ही करत नाही. त्याची गरजच नव्हती. कोणते काम कोणाच्या वाट्याला येते हे खदानीत उतरण्याआधीच ठरलेले होते. आमच्या घरच्या माणसांची कामे आठवून पाहतो तर लोडर, ट्रामर, पट्ट्याखालचा चुरा ओढणारा, रिटर्नमध्ये साफसफाई करणारा, गोणीतून चुनखडीची भुकटी टाकणारा, हीच नावे येतात. शेजारच्या गोंड आणि छत्तीसगढी सतनामी घरांतही तेच. झरिया-राणीगंजच्या जुन्या खदानींत बाउरी आणि संथाळ माणसे फेसवर होती, हे तर इतिहासात नोंदलेले आहे. समाजाने ज्यांना वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवले होते, तेच खदानीतही वाऱ्याच्या खालच्या अंगाला पोचले. आज त्या जागेवर कंत्राटी कामगार उभा आहे. त्याचे आडनाव बदलले असेल, जागा बदललेली नाही.

बिडी, टीबी आणि न मिळालेला कागद

आमच्या एका मामांची गोष्ट सांगतो. सव्वीस वर्षे फेसवर काढल्यावर त्यांना दम लागू लागला. दवाखान्यात वयाने त्यांच्या मुलासारखा डॉक्टर त्यांना "बिडी ओढतोस ना?" असे एकेरीत विचारत होता. मामा बिडी ओढत, ते त्यांनी लपवले नाही. झाले, निदान तिथेच संपले. एक्स-रेत डाग दिसले म्हणून टीबीची गोळी सुरू झाली. कोर्स पूर्ण झाला, डाग तसेच राहिले. पुन्हा टीबीची गोळी. थुंकीत जंतू सापडल्याचा कागद दोन्ही वेळा कोणी दाखवला नाही. "तुम्ही काय काम करता?" हा प्रश्न मात्र एकदाही आला नाही.

बिडीने छाती खराब होते, हे खरे आहे. बिडी सोडलीच पाहिजे. पण कोळशाच्या धुळीने होणारा न्यूमोकोनिओसिस बिडीने होत नाही. तो आजन्म बिडीला न शिवलेल्या लोडरलाही होतो आणि दिवसाला दोन बंडल ओढणाऱ्या पानटपरीवाल्याला होत नाही. एक्स-रेवरचे त्याचे डाग टीबीसारखे दिसू शकतात आणि दगडातली सिलिका छातीत गेलेल्या माणसाला टीबी होण्याचा धोकाही जास्त असतो. म्हणूनच डॉक्टरने कामाचा इतिहास विचारणे हा उपकार नसून उपचाराचा भाग आहे. हा रोग गेलेल्या फुप्फुसाला परत आणत नाही, आणि खदान सोडल्यावरही काही जणांत तो वाढतच राहतो.

येथे कायदा लक्षात घेतला पाहिजे. 1952 च्या खाण कायद्याच्या कलम 25 प्रमाणे अधिसूचित व्यवसायजन्य रोग आढळला तर तो कळवणे 2025 पर्यंत बंधनकारक ठरवलेले होते. 1923 च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात धुळीने होणाऱ्या फुप्फुसरोगांचा समावेश होता. त्या कायद्याखाली दर पाच वर्षांनी होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्स-रे काढायचा असे. म्हणजे "टीबी" लिहिले की तो माणसाचा आजार ठरतो आणि "न्यूमोकोनिओसिस" लिहिले की तो खदानीचा आजार ठरतो. एका शब्दाने भरपाईची दिशा बदलते. मामांच्या कागदावर शेवटपर्यंत तो शब्द आला नाही. ते गेले तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर हृदय बंद पडल्याचे लिहिले होते. हृदय कोणाचे बंद पडत नाही?

हीच धूळ पेटते तेव्हा

छातीत जाणारी धूळ माणसाला एकेकट्याने मारते, म्हणून तिची बातमी होत नाही. तीच धूळ पेटली की बातमी होते. 1844 मध्ये इंग्लंडच्या हॅसवेल खदानीतल्या स्फोटानंतर मायकेल फॅरडे आणि चार्ल्स लायेल यांनी कोळशाच्या धुळीचा त्यातला वाटा दाखवला होता. मालकांनी आणि पुष्कळ तज्ज्ञांनी पुढची अनेक दशके "सगळे गॅसनेच होते" असे म्हणत काढली. 10 मार्च 1906 रोजी फ्रान्समधल्या कूरिएर खदानीत धुळीचा स्फोट झाला आणि 1099 माणसे मेली. आपल्या देशात 1958 मध्ये चिनाकुरीला आणि 28 मे 1965 रोजी धोरीला स्फोट झाले. धोरीत 268 कामगार गेले.

यातही कारागिरी हवेचीच असते. कुठेतरी थोडा मिथेन पेटतो. त्याचा दाबाचा तडाखा ज्वाळेच्या पुढे धावतो. तो तडाखा भिंतीवरची, लाकडांवरची, पट्ट्याखालची धूळ झाडून हवेत उभी करतो. मागून ज्वाला येते आणि तिला तयार ढग मिळतो. तो ढग पेटला की नवा तडाखा, पुढची धूळ, पुढचा ढग. अशा रीतीने खदान स्वतःच स्वतःला पेटवत जाते. यासाठी कागदाच्या जाडीएवढा धुळीचा थर पुरतो. उपाय शंभर वर्षांपासून माहीत आहे: चुनखडीची भुकटी पसरायची, म्हणजे कोळशाबरोबर तीही उडते आणि आग विझवते. पण सर्वांत बारीक धूळ जिथे जाऊन बसते तो रिटर्नचा दूरचा कोपरा असतो, आणि गोणी खांद्यावर घेऊन तिथवर कोणी जायचे आणि गेला की नाही हे कोणी पाहायचे, हा पुन्हा माणसाचाच प्रश्न आहे.

हिवाळ्यात धोका वाढतो, हेही लक्षात ठेवावे. थंड हवेत पाण्याची वाफ कमी असते. ती खाली जाऊन तापते आणि भिंतींची ओल शोषून बाहेर नेते. वर माणूस शेकोटीला बसतो तेव्हा खाली धूळ वाळत असते.

बाबासाहेब खदानीत का उतरले?

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर 1943 मध्ये ते धनबादच्या कोळसा पट्ट्यात गेले आणि प्रत्यक्ष खदानीत उतरून कोळसा तोडणारे मजूर त्यांनी पाहिले, मजुरांची घरे पाहिली. फाईल मागवून पाहता आली नसती का? आली असती. पण फाईलमध्ये धूळ नसते. पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1944 मध्ये, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. त्यातून घरे, पाणी, दवाखाने यांसाठी कोळशावरच्या उपकरातून पैसा उभा राहिला.

त्याच काळातली एक गोष्ट त्यांचे टीकाकार वारंवार उकरून काढतात. 1937 पासून स्त्रियांना जमिनीखाली कामावर बंदी होती. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून 1943 मध्ये ती बंदी बंगाल, बिहार, ओरिसा आणि आमच्या मध्य प्रांत-वऱ्हाडातही उठवली गेली. ही गोष्ट खरी आहे आणि ती झाकण्याचे आम्हाला कारण नाही. फेब्रुवारी 1944 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात याच प्रश्नावर त्यांना जाब विचारला गेला. त्यांनी युद्धकाळातली निकड मांडली आणि स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल हे तत्त्व आग्रहाने सांगितले. 1 फेब्रुवारी 1946 पासून बंदी पुन्हा लागू झाली. टीकाकार पहिले वाक्य सांगतात, उरलेली तीन गिळतात. आम्हाला यातून वेगळा प्रश्न दिसतो. 2019 च्या अधिसूचनेने स्त्रियांना जमिनीखाली तांत्रिक आणि देखरेखीच्या कामाची वाट पुन्हा खुली झाली. आमच्या मुली इंजिनिअर होऊन खाली उतरत आहेत, याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्या कोणत्या हवेत उतरतात, हे विचारण्याचा हक्क त्या अभिमानात धरलेला आहे.

"आता जमिनीखालच्या खदानी राहिल्यातच किती?"

हा शेवटचा आक्षेप. विदर्भात उघड्या खदानी वाढल्या, जमिनीखालच्या बंद होत चालल्या, मग हा विषय कशाला? कारण जमिनीखाली अजून माणसे उतरत आहेत. कारण ज्यांच्या खदानी बंद झाल्या त्यांच्या छाती बंद झालेल्या नाहीत. आणि उघड्या खदानीत छत नसले तरी वाऱ्याचा नियम तोच आहे. तिथे रिटर्न म्हणजे शेजारचे गाव असते.

तेव्हा मित्रांनो, मास्क वाटपाचे फोटो पाहून टाळ्या वाजवू नका. मास्क हा शेवटचा उपाय आहे. धूळ उठू न देणे हा पहिला. आपल्या खदानीत हे प्रश्न विचारा. धुळीचा नमुना कोणत्या जागेवर घेतला, इन्टेकला की रिटर्नला? घेतला त्या दिवशी मशीन चालू होते का? आकडा कामगाराला दिसेल अशा जागी लावला का? फवाऱ्याचा पंप मागच्या पाळीत चालू होता का? पट्टा आणि हवा एकाच दिशेने आहेत की समोरासमोर? कंत्राटी कामगाराचा एक्स-रे निघतो का, आणि निघाला तर त्याची प्रत त्याच्या हातात देतात का? निवृत्त माणसाला पुन्हा कोण तपासतो?

यातल्या एकाही प्रश्नाला "नशीब" हे उत्तर होऊ शकत नाही. प्रत्येक उत्तराखाली एका अधिकाऱ्याची सही असते, किंवा असायला हवी. आम्हाला ती सही पाहायची आहे.